कवळीवाल्यांचे साडेपाच

आकडा मी चुकवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दोष कुणाचा हे शोधण्यात वाचणाऱ्याचा वेळ जायला नको.

आमच्या साप्ताहिक पुरवणीचं शेवटचं पान मी लावतो. त्या पानाच्या तळाशी 'खेळून पाहिलं' नावाचं सदर असतं. मोबाइलवरचे आणि हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रांवरचे व्हिडिओ गेम, त्यांचं परीक्षण, आणि खाली एका चौकटीत दहापैकी गुण. त्या गुरुवारी घाई होती. घाई दर गुरुवारी असते, पण आम्ही दर गुरुवारी तिच्याकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखे बघतो. मागच्या आठवड्याची चौकट उचलली, नव्या पानावर ठेवली, गेमचं नाव बदललं, आणि आकडा बदलायचा राहून गेला. मागच्या आठवड्यात संपादकांच्या भाच्यानं कुठल्याशा बड्या गेमला साडेआठ दिले होते. ते साडेआठ जसेच्या तसे 'वरखाली' नावाच्या एका गरीब गेमच्या गळ्यात पडले. परीक्षण लिहिणाऱ्यानं दिले होते साडेपाच.

परीक्षण लिहिणारे म्हणजे आमचे कवळीवाले. पोटापाण्यासाठी ते दातांच्या कवळ्या करतात, म्हणून हे नाव. एका गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या लांबट खोलीत त्यांची प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा हा त्यांचा शब्द. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तिला 'तुमची ती जबड्यांची खोली' म्हणतात. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. पहिल्यांदा आत जाणाऱ्याला वाटतं, पन्नास-साठ माणसं एकदम आपल्याला हसताहेत. कवळीवाले मात्र त्यांच्याकडे पाठ करून, भिंगाच्या दिव्याखाली, गुलाबी हिरडीवर एकेक दात बसवत असतात. दात बसला की जबडा उघडून-मिटून बघायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा मिटून बघायचा. पंचावन्नच्या पुढचं वय, बोटं मात्र सोनाराची.

गेम त्यांच्याकडे कसे यायचे तेही सांगायला हवं. उत्तम गेम भाचा ठेवून घ्यायचा. अगदी टाकाऊ गेमही तोच ठेवायचा, कारण टाकाऊ गेमची टर उडवण्यात मजा असते. उरायचे मधले. ज्यांचं कौतुक करवत नाही आणि ज्यांच्यावर रागावताही येत नाही, असे. वर्गातल्या मधल्या बाकांवरच्या मुलांसारखे, ज्यांची नावं बाईंना मार्चपर्यंत पाठ होत नाहीत. असे सगळे गेम कवळीवाल्यांच्या दारात येऊन पडत, आणि ते त्यांना पाच, साडेपाच, फार तर सहा गुण देऊन वाटेला लावत.

पण देण्याआधी खेळत. शेवटपर्यंत. हा त्यांचा नियम होता आणि त्यात सूट नव्हती. दुसऱ्या टप्प्यावरच कळत असे की पुढे काही राम नाही, तरी हे आपले जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, न्हाव्याकडे नंबर येईपर्यंत खेळतच असत. त्यांच्याकडे हातात धरायचं एक जुनं गेमयंत्र होतं. त्याची बिजागरी तुटली, तेव्हा त्यांनी ती कवळीच्याच मसाल्यानं जोडली होती. काळ्या यंत्राला मधोमध हिरडीच्या रंगाचा गुलाबी जोड. बसमध्ये शेजारचा माणूस ते यंत्र बघून जरा सरकून बसे.

एकदा भाज्या कापायचा एक गेम आला. दोनशे चाळीस टप्पे. कवळीवाल्यांनी दोन महिने लावून दोनशे चाळीस टप्पे कापले आणि मग लिहिलं, "सुरी चांगली आहे, भाज्या चांगल्या आहेत, कापणाऱ्याला भूक लागेल असं मात्र काही नाही." त्यावर वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, दोनशे चाळीस टोपल्या भाजी कापली हो यांनी फोनवर. घरात विचारा, एक काकडी चिरली असेल तर!"

"चिरली होती," आतून आवाज आला.

"बोट चिरलं होतं. काकडी मी चिरली."

खेळताना ते प्रयोगशाळेतल्या चिठ्ठ्यांच्या पाठीमागे नोंदी करत. 'टप्पा दोन. जांभई.' 'टप्पा तीन. घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.' 'टप्पा सहा. हे मात्र बरं जमलंय, कुणी केलं असेल?' हा शेवटचा प्रश्न त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीत कुठे ना कुठे असायचाच. गेम कितीही रटाळ असला तरी त्यात एखादी जागा अशी सापडे, की जिथे करणाऱ्यानं जीव ओतलेला दिसतो. ती जागा सापडेपर्यंत कवळीवाल्यांना चैन पडत नसे. आणि सापडली की ते थोडे उदास होत. मी कारण विचारलं की म्हणत, "डोळे दुखतायत."

तर त्या शनिवारी सकाळी पुरवणी निघाली आणि दुपारी कार्यालयात फोन वाजला. उचलला मीच. एका बाईंचा आवाज, धाप लागल्यासारखा. 'वरखाली' हा गेम त्यांनी एकटीनं केला होता, चार वर्षं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्या तक्रारींचे फोन घेत. ड्यूटी संपली की घरी येऊन गेम.

"साडेआठ हो!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही. आता ठरलं. सोमवारी राजीनामा देते. पत्र टाइप करून ठेवलंय. आता दुसरं काही नाही, फक्त गेम करायचे."

इथे कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई, जरा थांबा. मी म्हणालो, "अभिनंदन!"

फोन ठेवला आणि मग भानावर आलो. पत्ता तेवढा लिहून घेतला होता. तडक कवळीवाल्यांकडे गेलो.

ते भिंगाखाली एक वरची कवळी घासत होते. टेबलावर आमची पुरवणी उघडी होती, शेवटचं पान वर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये. तुझे तीन गुण इथे राहिलेत. जाताना घेऊन जा."

"चूक झाली हो."

"ते दिसतंय." घासायचं यंत्र बंद करून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "सकाळी पाहिलं. तुला फोन करणार होतो. मग म्हटलं, राहू दे जरा वेळ. बरं दिसतंय ते तिथे. मधल्या बाकावरच्या पोराला कुणीतरी चुकून हार घालावा, तसं. काढून घ्यायला हात होईना."

मग मी राजीनाम्याचं सांगितलं.

कवळीवाल्यांनी कवळी खाली ठेवली. त्या खोलीत मी त्यांना काम अर्धवट ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. टेबल लांबच लांब होतं, पण ते नेहमी उजव्या अर्ध्यावरच बसत; डावीकडे एक स्टूल आणि मोकळी जागा. तिकडे बघत त्यांनी विचारलं,

"सोमवारी म्हणाली?"

"सोमवारी."

"म्हणजे उद्याचा दिवस आहे." त्यांनी दिवा बंद केला. "उद्या दहाला चौकात ये. चूक तुझी आहे, मी एकटा शिव्या खाणार नाही."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. बाई राहत होत्या चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीच्या लिफ्टवर पाटी होती, 'बंद आहे'. चार जिने चढून वर पोचलो तेव्हा दारातच बाई हसून म्हणाल्या, "लिफ्टचं काही बोलू नका. शेजारी रोज बोलतात."

तिशीच्या आतबाहेरच्या, केस घाईत बांधलेले, बोटांवर शाईचे डाग. एकच खोली, पण नीटनेटकी. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, आणि टेबलाच्या काचेखाली दोन कागद शेजारी शेजारी: आमच्या पुरवणीचं कात्रण आणि राजीनाम्याचं पत्र. साडेआठाभोवती लाल पेनानं गोल. तो गोल बघून मला जिन्यावरून उलटं पळत सुटावंसं वाटलं. चहा आला, बिस्किटं आली. बाई सांगत होत्या की आईला फोन केला, मैत्रिणींना केला, साहेबांना अजून नाही केला. कवळीवाल्यांनी चहाचा कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"आकडा चुकलाय," ते म्हणाले.

"कुठला?"

"तो. मी साडेपाच दिले होते. छापताना साडेआठ झाले."

बाईंनी काचेखालच्या कात्रणाकडे पाहिलं, मग कवळीवाल्यांकडे.

"मग मधले तीन कुठून आले?"

"याच्याकडून," कवळीवाल्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी बिस्किट तोंडात धरून होतो, ते गिळता येईना आणि काढताही येईना.

बाई उठून खिडकीशी गेल्या. बाहेर कुणाचे तरी कपडे वाळत होते, त्यांच्याकडेच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आणि त्या ओळी? 'शेवटच्या मजल्यावर मी फोन मांडीवर ठेवला आणि नुसता बसून राहिलो.' त्याही चुकून छापल्या का?"

"नाही. त्या माझ्या आहेत."

"मग साडेपाच कसे?"

"तिथे पोचायच्या आधी सहा मजले आहेत, बाई. सहाच्या सहा मजल्यांवर मी लिफ्टनं लोकांना वर नेतोय, खाली नेतोय, वर नेतोय, खाली नेतोय. पगार नसलेली नोकरी झाली ती." त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. "मजला दोन, जांभई. मजला तीन, दोन जांभया. मजला चार, बसमध्ये झोप लागली, दोन थांबे पुढे गेलो. हे बघा, वेळसुद्धा लिहिलीय."

बाई रागानं वळल्या होत्या, पण चिठ्ठ्या बघून जवळ आल्या. एकेक उचलून वाचू लागल्या. सातव्या मजल्याची चिठ्ठी हाताशी आल्यावर थांबल्या.

सातव्या मजल्यावर, हे मला नंतर कळलं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. आत एक म्हातारे गृहस्थ आणि एक लहान मुलगी. कुठलंही बटण दाबा, काही होत नाही. करायचं एकच: मदत येईपर्यंत त्यांच्याशी बोलत राहायचं. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं, घरी कोण कोण आहे. बोलणं थांबलं की मुलगी रडू लागते. बस, एवढंच. बाई रोज कामावर हेच करत होत्या. अडकलेल्या माणसांशी फोनवर बोलत राहणं.

चिठ्ठीवर कवळीवाल्यांनी लिहिलं होतं, 'मजला सात. बोलत राहिलो. मदत आली तेव्हा वाईट वाटलं. हे कुणी केलं असेल?'

"इथपर्यंत कुणी येतच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "मला दिसतं ना, कोण कुठे सोडून गेलं ते. सगळे तिसऱ्यावर उतरतात."

"तिसऱ्यावर मलाही उतरावंसं वाटलं होतं. म्हणून साडेपाच. सातवा मजला पहिला करा, मग बघू."

"म्हणजे नोकरी सोडू नको म्हणता?"

"ते सांगणारा मी कोण? सोडा, नाहीतर धरून ठेवा. चुकून छापलेल्या आकड्यावर सोडू नका, एवढंच सांगायला चार जिने चढलो."

बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या, पण परत दिल्या नाहीत. मग जरा तिरक्या आवाजात म्हणाल्या, "काका, लोकांच्या जांभया मोजता. स्वतः कधी एखादा गेम केलाय का?"

मला वाटलं, आता हे 'डोळे दुखतायत' म्हणतील. तीन वर्षं त्यांचं सदर लावतोय, त्यांच्या घरी जेवलोय, वहिनींकडून त्यांची सगळी बोलणी ऐकलीत. हे कधी ऐकलं नव्हतं.

"केलाय," ते म्हणाले. "आम्ही दोघांनी. मी आणि धाकटा."

बटणांच्या फोनचे दिवस होते ते. धाकटा भाऊ संगणकाचं शिकलेला, कवळीवाल्यांचा हात चित्रात चांगला. त्या जबड्यांच्या खोलीत, त्याच टेबलावर, दोघं कोपराला कोपर लावून बसत. हे चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन पेन्सिलीनं भरून माणसं काढत, आणि धाकटा ती माणसं फोनमध्ये चालवून दाखवी. पहिल्यांदा त्यांनी काढलेला माणूस चालला तेव्हा दोघं स्टुलावरून पडेपर्यंत हसले होते, कारण तो उलटा चालत होता. गेमचं नाव 'किल्लीवाला'. हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक माणूस, मोठी इमारत, आणि प्रत्येक दाराला नेमकी किल्ली शोधायची. चार टप्पे दोघांनी मिळून केले. पाचव्याच्या वेळी कवळ्यांचं काम अंगावर आलं, आणि धाकटा म्हणाला, "दादा, तू तुझं कर. शेवटचं मी करतो."

गेम निघाला. एका मासिकात परीक्षण आलं. दहापैकी पाच, आणि एक ओळ: 'साधारण. हातात वेळ असेल तर बघा.' लिहिणारा तिसऱ्या टप्प्यापुढे गेलाच नव्हता; मजकुरावरून ते उघड दिसत होतं.

"धाकटा मासिक घेऊन आला," कवळीवाले म्हणाले. "माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी वाचलं. म्हटलं, बरोबर आहे की. साधारणच आहे आपला गेम."

"आणि पाचवा टप्पा?" बाईंनी विचारलं.

"तो मी तोवर पाहिला नव्हता."

बाईंचा हात चिठ्ठ्यांवर तसाच राहिला.

धाकटा काही भांडला नाही. त्यानं परदेशातली एक नोकरी धरली आणि महिन्याभरात गेला. तो गेल्यावर आठ महिन्यांनी, दाताच्या दवाखान्यात एका डॉक्टरची वाट बघत बसलेले असताना, वेळ जाईना म्हणून कवळीवाल्यांनी फोन काढला आणि 'किल्लीवाला' शेवटपर्यंत खेळला. पाचव्या टप्प्यात एकच दार होतं. सगळ्या किल्ल्या लावून बघितल्या, एकही लागेना. शेवटी नुसतं ढकललं. दार उघडंच होतं. आत एक टेबल, आणि टेबलाशी कोपराला कोपर लावून बसलेली दोन मुलं. चित्र धाकट्यानं स्वतः काढलेलं. त्याला चित्रातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून वाकडंतिकडं. मोठ्या मुलाचे कान बशीएवढे. किल्लीवाला आत आला की मोठा मुलगा सरकतो आणि त्याला बसायला जागा करून देतो. गेम संपतो.

"तेव्हा फोन का नाही केलात त्याला?"

"तेव्हा परदेशी फोन फार महाग होता."

"आणि स्वस्त झाला तेव्हा?"

"तेव्हा फार दिवस झाले होते."

तो जुना फोन पुढे बंद पडला, आणि 'किल्लीवाला' आता जगातल्या कुठल्याच यंत्रावर चालत नाही. चौकटीचे कागद आहेत. त्यात किल्लीवाला आहे, दारं आहेत, किल्ल्या आहेत. ती दोन मुलं नाहीत. ती धाकट्यानं थेट फोनमध्येच काढली होती.

बाईंनी काच उचलली. राजीनाम्याचं पत्र काढलं. मला वाटलं, आता फाडणार. त्यांनी ते घडी करून खणात ठेवलं.

"फाडत नाही," त्या म्हणाल्या. "तारीख बदलेन. आधी सातवा मजला खाली आणते. मग पाठवते तुम्हाला. पण शेवटपर्यंत खेळायचं."

"जांभई आली तर लिहीन."

"लिहा. वेळेसकट लिहा."

कात्रण मात्र त्यांनी काचेखालीच ठेवलं. लाल पेनानं साडेआठावर काट मारली, शेजारी साडेपाच लिहिले, आणि सातव्या मजल्याची चिठ्ठी त्याच्यावर सरकवली. मग आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या आणि मला म्हणाल्या, "तुमचं अभिनंदन मी परत करते हं." ते मला लागायचं तिथे बरोबर लागलं.

चार जिने उतरलो. बसथांब्यावर आलो. ते बाकाच्या उजव्या टोकाला बसले आणि डावीकडे एका माणसाची जागा सोडली. मी त्या जागेत न बसता उभाच राहिलो. का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

दोन्ही भावांच्या बायका दर रविवारी एकमेकींशी फोनवर बोलतात, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे जेवायला असलो की ऐकू यायचंच. बोलणं रंगात आलं की इकडून कवळीवाले पेपराआडून ओरडतात, "विचारलंय म्हणावं!" आणि पलीकडूनही एक पुरुषी आवाज ओरडतो, "मीही विचारलंय म्हणावं!" बस. बावीस वर्षं दोघांनी एकमेकांना एवढंच विचारलंय, आणि काय विचारलंय ते दोघांनाही माहीत नाही.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. धाकट्याचं नाव उघडलं. नावाशेजारी त्याचं इवलंसं छायाचित्र: पिकलेले केस, पाठीमागे कुठलंसं अंगण. छायाचित्र नवीन असावं, कारण त्यांनी ते दोन बोटांनी मोठं करून बघितलं, जबडा मिटतो की नाही बघताना बघतात तसं, या बाजूनं आणि त्या बाजूनं. अंगठा हिरव्या खुणेपाशी गेला, तिथे थांबला, आणि परत आला.

बस लांबून दिसू लागली. मला राहवलं नाही.

"अहो, एका परक्या बाईला खरं सांगायला तुम्ही चार जिने चढलात. मग हा एक फोन लावा ना. पाचवा टप्पा पाहिला, एवढंच सांगा. त्याला किती बरं वाटेल!"

कवळीवाल्यांनी मोबाइल खिशात टाकला, उठले, आणि बसकडे हात करत मला म्हणाले,

"मोठा मी आहे, फोन त्यानं करायचा."